संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवरील भव्य भित्तिचित्राचे छायाचित्रण

आधुनिक संग्रहालयाच्या बाहेरील भिंतीवर साकारलेले भव्य भित्तिचित्र टिपताना छायाचित्रकारासमोर एकाच वेळी दोन गोष्टी असतात: एक कलाकृती आणि तिला अंगावर वागवणारी इमारत. केवळ चित्रच चौकटीत घेतले, तर ते कागदावर आहे की चार मजली भिंतीवर, हे पाहणाऱ्याला कळत नाही. केवळ इमारत टिपली, तर चित्र तिच्यावरचा एक रंगीत पट्टा होऊन राहते. चित्रकाराने त्या भिंतीची उंची, तिच्यातील खिडक्या, कोपरे आणि समोरची मोकळी जागा लक्षात घेऊनच रचना केलेली असते. म्हणून माझ्या मते चित्र आणि इमारत यांचे परस्परांशी असलेले नाते हाच या छायाचित्राचा खरा विषय आहे, आणि जागा, लेन्स, प्रकाश व नंतरचे संस्करण (छायाचित्रावर संगणकात केलेले काम) यांविषयीचा प्रत्येक निर्णय त्या नात्याला धरून घ्यायला हवा.

आधी भिंत वाचावी

कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी काम कोणत्या माध्यमात आहे, हे जवळ जाऊन पाहावे. रंगवलेली भिंत, चकाकणाऱ्या सिरॅमिक फरशा, दगडी मोझेक, छापील जाळीदार कापड, छिद्रे पाडलेले धातूचे पत्रे, दिव्यांनी उजळणारी पटले यांपैकी प्रत्येकाचा प्रकाशाशी असलेला व्यवहार वेगळा असतो. जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील विल्हेल्म हाक संग्रहालयाची जोआन मिरो यांनी सजवलेली भिंत ५५ मीटर रुंद व १० मीटर उंच असून ती ७,२०० सिरॅमिक फरशांची आहे. अशा भिंतीवर आकाशाचे प्रतिबिंब ही पहिली अडचण असते. मात्र फरशांच्या सांध्यांची जाळी छायाचित्र सरळ आहे की नाही हे तपासायला आयतीच हाताशी येते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय हे संग्रहालय नव्हे, पण या विषयात त्याचा विचार टाळता येत नाही. हुआन ओ'गोर्मान यांनी त्याच्या चारही बाजू नैसर्गिक रंगाच्या दगडांच्या मोझेकने मढवल्या आहेत. तेथे चकाकीचा त्रास कमी, पण काम चारही दिशांना असल्याने एका चौकटीत आणि एका वेळेच्या प्रकाशात ते सारे टिपणे शक्यच नाही. प्रत्येक बाजूची वेळ वेगळी ठरवावी लागते.

काम कायमस्वरूपी आहे की काही काळापुरते, याचीही चौकशी करावी. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने २००८ मध्ये नदीकडील विटांच्या भिंतीवर सहा कलावंत व कलावंत-गटांची प्रचंड चित्रे लावली आणि प्रदर्शन संपल्यावर ती उतरली. अशा कामाच्या बाबतीत योग्य ऋतूची वाट पाहण्याची सवड नसते. मिळेल त्या प्रकाशात निदान एक नेटके नोंदचित्र आधी घेऊन ठेवावे आणि मग चांगल्या प्रकाशासाठी पुन्हा जावे.

उभे राहण्याची जागा

या प्रकारच्या छायाचित्रणात लेन्सपेक्षा, कॅमेऱ्यापेक्षा आणि बहुधा प्रकाशापेक्षाही उभे राहण्याची जागा महत्त्वाची असते. खालून वर पाहत कॅमेरा तिरपा केला की भिंतीच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकू लागतात आणि चित्रातील वरच्या आकृत्या आक्रसतात. इमारतीच्या साध्या छायाचित्रात हा दोष एक वेळ खपून जातो, परंतु येथे इमारतीबरोबर दुसऱ्या कोणाची तरी रेखाटनेही वाकडी होत असतात. कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रतिमा टिपणारा आतला सपाट भाग) भिंतीशी समांतर ठेवला तर कडा झुकत नाहीत. पुढचे सर्व उपाय ही समांतरता मिळवण्याचे निरनिराळे मार्ग आहेत.

किती अंतरावर उभे राहावे, हे जाण्यापूर्वीच काढता येते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो. लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंथ) जितके मिलिमीटर असेल तितके मीटर भिंतीपासून दूर उभे राहिल्यास सेन्सरवरील १ मिलिमीटर म्हणजे भिंतीवरील १ मीटर, असे सोपे प्रमाण बसते. म्हणजेच ५० मिलिमीटरची लेन्स लावून ५० मीटरवर, किंवा २४ मिलिमीटरची लावून २४ मीटरवर उभे राहिले, तरी दोन्ही वेळा ३६ मीटर रुंद व २४ मीटर उंच एवढाच भाग चौकटीत येतो. फरक पडतो तो भिंतीतून पुढे आलेल्या भागांच्या, भोवतालच्या आणि माणसांच्या परस्पर आकारांत. जवळून वाइड (कमी नाभीय अंतराच्या) लेन्सने घेतलेल्या छायाचित्रात समोरचे अंगण पसरट होते, बाहेर आलेले छज्जे चित्र झाकतात आणि खोल बसवलेल्या खिडक्यांच्या आतल्या बाजू दिसू लागतात. म्हणून जागा असेल तर मागे जावे आणि लांब (जास्त नाभीय अंतराची) लेन्स वापरावी. भिंत शांत व सलग दिसते, आणि चित्रकाराने दूरच्या पाहणाऱ्यासाठी केलेली रचना तशीच उतरते.

मागे जायला जागा नसेल, तेव्हा शिफ्ट लेन्सचा विचार करावा. हिच्यात कॅमेरा सरळच ठेवून लेन्स तेवढी वर सरकवता येते. वरचेच प्रमाण धरले, तर २४ मीटरवरून २४ मिलिमीटरची लेन्स १२ मिलिमीटर वर सरकवल्यास चौकटही भिंतीवर १२ मीटर वर सरकते. डोळ्यांच्या उंचीवरील कॅमेऱ्यातून एरवी अर्धी चौकट जमिनीत वाया गेली असती, ती आता पूर्ण भिंतीवर जाते. ही लेन्स महाग असते, तेव्हा नेहमी वापर नसेल तर भाड्याने घेणे शहाणपणाचे. तीही मिळण्याजोगी नसेल, तर कॅमेरा उभा धरून, पातळीत ठेवून, थोड्या वाइड लेन्सने छायाचित्र घ्यावे आणि खालचा जमिनीचा भाग नंतर कापून टाकावा. पिक्सेल कमी होतात, पण रेषा खऱ्या राहतात. तिरपे घेऊन नंतर सॉफ्टवेअरने ताणलेल्या छायाचित्रापेक्षा मला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

सर्वांत चांगली जागा बहुधा जमिनीवर नसतेच. समोरच्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला, पादचारी पूल किंवा वाहनतळाची गच्ची येथून कॅमेरा भित्तिचित्राच्या निम्म्या उंचीवर आला की वर आणि खाली पाहण्याचा कोन सारखा होतो आणि शिफ्ट लेन्सची गरज पुष्कळदा उरत नाही. अशा जागेसाठी आगाऊ परवानगी मागावी. छायाचित्र कशासाठी हवे आहे हे नीट सांगितले तर ती अनेकदा मिळते. ड्रोनने हीच उंची गाठता येते, परंतु शहरातील इमारतींजवळ आणि लोकांच्या डोक्यावरून उडवण्यावर बहुतेक देशांत कडक निर्बंध आहेत, शिवाय उंच भिंतीलगत वारा भोवऱ्यासारखा फिरतो. संग्रहालयाची व विमानवाहतूक प्राधिकरणाची संमती हाती असल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये.

जागा पक्की झाली की कॅमेरा खरोखर भिंतीच्या समोर आहे का, हे पाहावे. भिंतीच्या मध्यबिंदूपासून काटकोनात येणारी रेषा शोधायला फरसबंदीचे सांधे उपयोगी पडतात. त्यानंतर कॅमेऱ्यातील ग्रिड (पडद्यावरील उभ्या-आडव्या रेषांची जाळी) चालू करून चित्राची वरची व खालची कड तिच्याशी जुळते का, ते बघावे. वरची कड डावीकडे उतरत असेल आणि खालची तिकडेच चढत असेल, तर भिंतीची डावी बाजू आकाराने लहान होत आहे, म्हणजेच कॅमेऱ्याचा रोख डावीकडे वळलेला आहे. तो किंचित उजवीकडे फिरवावा. दोन्ही कडा एकाच दिशेने कलल्या असतील, तर कॅमेरा पातळीत नाही. हा भेद ओळखता आला की निम्मी धडपड वाचते.

काही कलाकृतींना स्वतःचाच एक ठरलेला बिंदू असतो. जेआर या फ्रेंच कलावंताने २०१६ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडवर मागच्या राजवाड्याचे अवाढव्य कृष्णधवल छायाचित्र चिकटवले, तेव्हा ठरावीक जागेवरून पाहिल्यास पिरॅमिड जणू नाहीसा होत असे. अशा कामात सेन्सर समांतर ठेवण्याचा नियम बाजूला ठेवून आधी तो बिंदू शोधावा, आणि मग मुद्दाम बाजूला सरकून भ्रम जेथे मोडतो तेही टिपावे. काम कसे घडवले आहे, हे त्या दुसऱ्या छायाचित्रातच समजते.

प्रकाशाची निवड

रंगवलेल्या सपाट भिंतीसाठी पातळ ढगांचे आकाश उत्तम. सावल्या मऊ होतात, रंग सारख्या तेजाने दिसतात आणि शेजारच्या इमारतीची कडक सावली चित्राला मधोमध कापत नाही. याउलट उठाव असलेल्या कामाला तिरपे ऊन लागते. फरशांचे उंचवटे, पत्र्यांच्या घड्या, भिंतीपासून सुटी उभारलेली अक्षरे यांची खोली सावल्यांशिवाय दिसत नाही. सूर्य भिंतीच्या पातळीला जवळजवळ समांतर येतो तेव्हा असा प्रकाश मिळतो. पूर्वाभिमुख भिंतीवर तो दुपारच्या सुमारास वरून घासून उतरतो. सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकत असल्याने ही वेळ लवकर निघून जाते. तेव्हा कॅमेरा आधीच तिवईवर तयार असावा.

भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे होकायंत्राने पाहून सूर्याचा मार्ग दाखवणाऱ्या ॲपवर तारीख टाकली, की कोणत्या वेळी ऊन येईल ते घरबसल्या कळते. विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला असलेल्या प्रदेशात उत्तराभिमुख भिंतीला वर्षाचा मोठा भाग थेट ऊन मिळत नाही. दक्षिण गोलार्धात हीच गोष्ट दक्षिणाभिमुख भिंतीची. अशा भिंतीवर निरभ्र दिवशी केवळ निळ्या आकाशाचा प्रकाश पडतो आणि पांढरे भाग निळसर होतात. तेथे व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून प्रकाशाच्या छटेनुसार केलेली जुळवणी) ७,००० केल्विनच्या आसपास न्यावा लागतो, तर थेट दुपारच्या उन्हात तो ५,२०० ते ५,५०० केल्विनच्या दरम्यान राहतो. अंदाजावर न सोडता भिंतीजवळ, तिच्यावर पडणाऱ्याच प्रकाशात, नंतर रंग जुळवण्यासाठी राखाडी कार्ड किंवा रंगतक्ता धरून एक छायाचित्र घ्यावे. चित्रकाराचा तांबडा रंग नारिंगी दिसणे ही लहान चूक मानता येत नाही.

चकाकी कमी करायला पोलरायझर (काही परावर्तित प्रकाश अडवणारा, लेन्सपुढे लावायचा फिल्टर) वापरावा, पण त्याची मर्यादा ओळखून. काच किंवा झिलईदार फरशी यांवरून सुमारे ५५ अंशांच्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश तो चांगला अडवतो. अगदी समोरून येणारी चकाकी तो फारशी कमी करत नाही आणि उघड्या धातूवरच्या चकाकीवर त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. रुंद भिंतीच्या कडांकडे कोन बदलत जात असल्याने एका बाजूची चकाकी जाते आणि मधली उरते, असेही घडते. तसे दिसले तर पोलरायझर काढून टाकावा आणि वेळ बदलावी.

संधिप्रकाश वेगळ्या कामाचा असतो. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंश गेलेला असताना आकाश आणि इमारतीचे दिवे यांचे तेज एकमेकांजवळ येते, आतून उजळलेल्या काचा आणि बाहेरचे चित्र एकाच एक्स्पोजरमध्ये (प्रकाशाच्या एकाच मापात) सामावतात, आणि इमारत व कलाकृती एकजीव दिसू लागतात. रंगांची अचूक नोंद म्हणून हे छायाचित्र चालणार नाही. पण ते जागेची ओळख मात्र फार चांगली करून देते.

कॅमेऱ्याची मांडणी

येथे फार गुंतागुंत नाही. तिवई, सर्वांत कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), एफ/८ ते एफ/११ दरम्यान ॲपर्चर (लेन्समधील छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान), रॉ फाइल (सेन्सरची संस्करण न झालेली मूळ नोंद) आणि दोन सेकंदांचा टायमर एवढे पुरते. ॲपर्चर एफ/१६ च्या पुढे लहान केल्यास विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) तपशील मऊ होऊ लागतो. पांढऱ्या भिंती कॅमेऱ्याला फसवून छायाचित्र काळवंडतात, तेव्हा हिस्टोग्रॅम (उजळ-गडद भागांचा आलेख) पाहून एक्स्पोजर वाढवावे. मात्र चित्रातील सर्वांत उजळ रंग जळू देऊ नये. फोनने घेत असल्यास अल्ट्रावाइड टाळून मुख्य किंवा टेलिफोटो लेन्स वापरावी आणि ग्रिड चालू ठेवावे.

दोन धोके विशेष लक्षात ठेवावेत. जाळीदार कापड किंवा छिद्रांचे पत्रे यांची नक्षी सेन्सरच्या जाळीशी आदळली की लहरींसारखे खोटे पट्टे उमटतात. ते छोट्या पडद्यावर नेहमी दिसत नाहीत, म्हणून छायाचित्र पूर्ण मोठे करून पाहावे आणि पट्टे आढळल्यास अंतर किंवा लेन्स थोडी बदलावी. दुसरा धोका विजेच्या दिव्यांचा आहे. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे वेगवान शटरला आडवे पट्टे पडतात. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवावे आणि इलेक्ट्रॉनिक शटर टाळावे.

वाऱ्याने हलणाऱ्या कामासाठी शटरचा वेग हाच आशयाचा निर्णय ठरतो. पिट्सबर्गच्या बालसंग्रहालयावरील नेड कान यांच्या रचनेत हजारो अर्धपारदर्शक चौकोनी पटले वाऱ्यासरशी हेलकावतात. १/५०० सेकंदाला त्यातील प्रत्येक पटल वेगळे गोठते, एक सेकंदाला वाऱ्याची लाट दिसते, आणि दोन्ही छायाचित्रे घेतल्याशिवाय त्या कामाची ओळख पूर्ण होत नाही.

लांबच लांब भिंती

लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने २०१८ मध्ये आपल्या गेफेन इमारतीवर बार्बरा क्रूगर यांचे प्रश्नांचे भित्तिकार्य पुन्हा उभारले. ते सुमारे ५८ मीटर लांब आणि ९ मीटर उंच आहे. एवढी लांबी एका चौकटीत बसवली तर चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्साही भिंत व्यापत नाही, आणि ६,००० पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात प्रत्येक पिक्सेल भिंतीवरील जवळजवळ एक सेंटिमीटर झाकतो. अशा वेळी तुकड्यांनी छायाचित्रे घेऊन जोडावीत. एकाच जागेवरून कॅमेरा फिरवत घेतल्यास लेन्सच्या पॅरॅलॅक्स-मुक्त बिंदूभोवती (ज्याभोवती फिरवल्यास जवळच्या व दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकत नाहीत) फिरवावा, शेजारच्या चौकटींत सुमारे तीस टक्के भाग सामाईक ठेवावा आणि जोडताना सरळ रेषा सरळ ठेवणारे रेक्टिलिनियर प्रक्षेपण निवडावे. फोकस, एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स हे सर्व मॅन्युअलवर कायम ठेवणे अनिवार्य आहे. समोरची जागा अरुंद असेल तर भिंतीला समांतर चालत, समान अंतर राखत टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेता येतात. परंतु हा उपाय केवळ सपाट भिंतीला लागू पडतो. उठावाच्या कामात प्रत्येक जागेवरून पुढचे-मागचे भाग वेगळे सरकतात आणि जोड उघडे पडतात.

माणसे आणि तपशील

किमान एका छायाचित्रात माणूस असावाच, कारण भिंतीची भव्यता आकड्यांनी सांगता येते, पण दिसते ती माणसाशेजारीच. त्याने भिंतीच्या जवळ असावे. कॅमेऱ्याजवळचा माणूस भिंतीला लहान करतो. नोंदचित्रात मात्र माणसे नको असतील, तर तिवई न हलवता काही सेकंदांच्या अंतराने दहा-बारा छायाचित्रे घ्यावीत आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा मध्यक (प्रत्येक बिंदूच्या किमतींतली मधली किंमत) काढावा. चालते लोक आपोआप निघून जातात.

त्यानंतर जवळ जावे. ब्रशाचे फटकारे, फरशांचे सांधे, पत्रे धरून ठेवणारे खिळे-बोल्ट, चित्र कोपऱ्यावर कसे वळते, खिडकीपाशी कसे थांबते, स्वाक्षरी कोठे आहे, हे सर्व टिपावे. भिंतीला लागून उभे राहून तिच्या लांबीच्या दिशेने घेतलेले एक छायाचित्रही हवे. चित्र भिंतीवर रंगवलेले आहे की तिच्यापासून हातभर पुढे टांगलेले, हे त्यात उघड होते. दर्शनी छायाचित्र जेथे मुके राहते तेथे हे तपशील बोलतात, आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्यांना बहुधा त्यांचीच गरज पडते.

संस्करण

आधी लेन्सची विकृती काढावी, मग उभ्या रेषा सरळ कराव्यात. क्रम उलटला तर वाकड्या रेषेला सरळ मानून दुरुस्ती होते. तिरप्या छायाचित्रातील कडा सॉफ्टवेअरने उभ्या केल्या की रेषा बरोबर दिसतात, पण उंची-रुंदीचे प्रमाण बिघडलेले असू शकते, आणि ही चूक डोळ्यांना सहज जाणवत नाही. संग्रहालयाच्या माहितीफलकावरील परिमाणे घ्यावीत आणि छायाचित्रातील भिंतीचे प्रमाण त्यांच्याशी ताडून पाहावे. परिमाणे मिळाली नाहीत तर चित्रातील वर्तुळ किंवा चौरस फरशी मोजावी. रंग कार्डावरून जुळवावेत आणि तेथेच थांबावे. संपृक्तता (रंगांचा भडकपणा) वाढवण्याचा मोह आवरावा, कारण उन्हाने उतरलेला रंग हा त्या भिंतीच्या वयाचा पुरावा असतो.

हक्क आणि नोंद

सार्वजनिक जागी उघड दिसते म्हणून भित्तिचित्राचे छायाचित्र वाटेल तसे वापरता येत नाही. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यांवरून दिसणाऱ्या कायमस्वरूपी कलाकृतींना सवलत आहे, परंतु क्रिस्टो आणि जान-क्लोद यांनी १९९५ मध्ये गुंडाळलेल्या राइशस्टाग इमारतीचे काम कायमस्वरूपी नसल्याने ती सवलत लागू होत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००२ मध्ये दिला. ब्रिटनमधील १९८८ च्या आणि भारतातील १९५७ च्या कायद्यांतील यासंबंधीच्या सवलती इमारती, शिल्पे व कलात्मक कारागिरीच्या वस्तूंसाठी आहेत. रंगवलेले चित्र त्यांत नमूद नाही. म्हणून पोस्टर, जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ असा व्यावसायिक वापर असेल तर कलावंताची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि संग्रहालयाच्या आवारात तिवई लावण्यापूर्वी तेथील कार्यालयाला विचारावे.

छायाचित्र प्रसिद्ध करताना कलावंताचे नाव, कृतीचे शीर्षक, वर्ष, माध्यम, परिमाणे आणि संग्रहालय यांबरोबर छायाचित्र घेतल्याची तारीखही द्यावी. ब्लू या इटालियन कलावंताने २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या वर उल्लेखलेल्या समकालीन कला संग्रहालयाच्या भिंतीवर काढलेले चित्र संग्रहालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात पांढऱ्या रंगाने पुसून टाकले. अशा कामाच्या बाबतीत अभ्यासकांच्या हाती छायाचित्रेच राहतात. म्हणून ही माहिती फाइलच्या मेटाडेटामध्ये (फाइलसोबतच साठवल्या जाणाऱ्या नोंदींत) त्याच दिवशी भरावी, आणि मूळ रॉ फाइल, रंगतक्त्याच्या छायाचित्रासह, वेगळी जपून ठेवावी.